छोट्या टीमसाठी बिनखर्चाचं अपॉइंटमेंट बुकिंग: एकाच वेळेला दोघं येऊ नयेत म्हणून

ठाण्याच्या नौपाड्यातलं दोन फिजिओथेरपिस्टचं क्लिनिक असो की वाशीतलं चार जणांचं सीए ऑफिस, अपॉइंटमेंटसाठी दरमहा पैसे मोजायची गरज नाही. गूगल फॉर्म, शीट आणि अॅप्स स्क्रिप्ट (शीटला जोडून छोटा प्रोग्राम लिहायची गूगलची सोय) साध्या जीमेल खात्यावर फुकट चालतात.

फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, ईमेल, कोणाकडे यायचं, तारीख आणि वेळ एवढंच विचारा. आजार किंवा पॅन नंबर तिथे नकोच. फॉर्म शीटला जोडा आणि उजवीकडे 'सुरुवात', 'शेवट', 'स्थिती' असे तीन रकाने वाढवा. शीट आणि स्क्रिप्टचा टाइम झोन वेगवेगळा सेट होतो, तो दोन्हीकडे कोलकाता ठेवा.

आता खरी मेख. 'भरलेल्या वेळा फॉर्मच्या यादीतून काढून टाका, झालं काम' हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो अपुरा आहे. दोघांनी एकदमच फॉर्म उघडला तर दोघांनाही साडेपाच मोकळे दिसतात. दोघं चार सेकंदांच्या अंतराने 'सबमिट' दाबतात, स्क्रिप्ट दोनदा सुरू होते, दोन्ही वेळा शीट तपासते, दोन्ही वेळा जागा रिकामी सापडते. संध्याकाळी एका खाटेसाठी दोन पेशंट दारात.

यावर उपाय एकच, तो म्हणजे कुलूप. अॅप्स स्क्रिप्टमध्ये 'लॉकसर्व्हिस' आहे, त्यातलं स्क्रिप्ट लॉक वापरा. ते एका वेळी स्क्रिप्टची एकच फेरी आत जाऊ देतं, बाकीच्या बाहेर थांबतात. क्रम असा: कुलूप घ्या (३० सेकंदांपर्यंत थांबू द्या), शीट तपासा, जागा असेल तर 'पक्की' लिहा, 'फ्लश' करा (लिहिलेलं लगेच शीटमध्ये उतरवणारी आज्ञा), मग कुलूप सोडा. तपासणी कुलपाच्या आतच हवी. आधी तपासून मग कुलूप घेतलं तर त्याचा काडीचा उपयोग नाही. 'फ्लश' विसरलात तर लिहिलेलं शीटमध्ये उतरण्याआधीच पुढचा आत शिरतो. ईमेल मात्र कुलूप सोडल्यावरच पाठवा, नाहीतर रांग उगाच लांबते. ३० सेकंदांत कुलूप मिळालं नाही तर स्क्रिप्ट एरर देऊन थांबते आणि 'स्थिती' रिकामी राहते. अशा ओळींना फोन करायचा, हे रिसेप्शनला आधीच सांगून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे फक्त सुरुवातीची वेळ जुळते का ते पाहणं. साडेपाचची ४५ मिनिटांची अपॉइंटमेंट आणि सहाची अपॉइंटमेंट एकमेकींवर चढतात, पण सुरुवात वेगळी असल्याने स्क्रिप्टला काही खटकत नाही. अट अशी हवी: नवीची सुरुवात जुनीच्या शेवटाआधी आणि नवीचा शेवट जुनीच्या सुरुवातीनंतर असेल, तर नकार. ही अट माणसागणिक लावा. ट्रॅक्शनचं मशीन एकच असेल तर त्यालाही वेगळा 'माणूस' समजून तपासा.

'फॉर्म सबमिट' झाल्यावर चालणारा ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारी सोय, लावा. दोन फोनवरून एकदम तीच वेळ बुक करून पाहा, दहा वेळा. दहाही वेळा एकच 'पक्की' आली पाहिजे.

आठवणीचा ईमेल रोज सकाळच्या ट्रिगरने. साध्या खात्यावरून दिवसाला १०० जणांनाच मेल जातो, पण छोट्या टीमला तेवढं पुरतं. दोन अपॉइंटमेंटमध्ये १५ मिनिटं मोकळी सोडा. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांसाठी ती लागतातच. रविवारी ट्रान्स-हार्बरला (ठाणे-वाशी लोकल मार्ग) मेगाब्लॉक असेल तर अंतर वाढवा.

फोनवर आलेली बुकिंगही रिसेप्शनने याच फॉर्ममधून टाकायची. वही समांतर चालू राहिली तर वरचं कुलूप असून नसल्यासारखं.