शेजाऱ्यांचा त्रास होतोय? चौकीत जायच्या आधी काय करायचं आणि जावंच लागलं तर कसं जायचं

आम्ही सांगलीत विश्रामबागला १९८९ पासनं राहतोय. तेव्हा कॉलनीत सगळे बंगलेच, बँकवाले, मास्तर, एसटीतले, जिल्हा परिषदेतले, कुणाच्या दारात कुठला आंबा ते सगळ्यांना पाठ. आता निम्मे बंगले पाडून चार-चार मजली अपार्टमेंट उभ्या राहिल्यात, आमचा बंगला पण त्यातच गेला, मुलं पुण्याला आणि आम्हा दोघांना वरखाली झेपेना म्हणून बिल्डरला दिला आणि त्याच जागेवर दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. म्हणजे मी जुनी पण आहे आणि फ्लॅटवाली पण. गेल्या पाच-सहा वर्षांत शेजाऱ्यांवरनं जे जे झालं त्यातनं शिकलेलं लिहितीय, कारण रोज कुणीतरी विचारतंय की वहिनी, आता काय करू.

पहिली गोष्ट, त्रास सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच बोला. आपण काय करतो, सहा महिने दात-ओठ खात सोसतो आणि मग एक दिवस रात्री अकराला दार वाजवून सगळं एकदम काढतो, आणि समोरच्याला कळतच नाही की खुर्चीच्या आवाजावरनं ह्या बाई एवढ्या का थरथरायल्यात. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये इंजिनिअरिंगची पोरं भाड्यानं आली, रात्री एक-दीडला खुर्च्या ओढायचा आवाज. मी तीन महिने झोपले नाही नीट आणि तोंडानं एक शब्द बोलले नाही, फक्त जिन्यात भेटली की मान फिरवायची. शेवटी एका संध्याकाळी सहाच्या सुमारास वर गेले आणि त्यातल्या एकाला खाली आमच्या बेडरूममध्ये आणून बसवलं, दुसऱ्याला वर खुर्ची ओढायला सांगितली. पोरगं एकदम गप्प झालं, म्हणालं काकू, एवढं ऐकू येतंय हे माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या दुकानातनं खुर्च्यांना रबरी बुचं आणली, शंभर-सव्वाशे रुपयांचं काम. तेव्हा आवाजाचा त्रास असेल तर सांगण्यापेक्षा ऐकवा, त्यांना आपल्या घरात बोलवून.

बोलायला जाताना एकट्यानं जा, चार जणांचा घोळका घेऊन गेलं की समोरचा माणूस खरं असलं तरी कबूल करत नाही. आणि कृपा करून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता टाकू नका, "काही लोकांना अक्कल नाही" असलं. ज्याच्याबद्दल आहे त्याला कळतंय, ज्यांच्याबद्दल नाही अशा तिघांना वाटतंय आपल्यालाच म्हणालेत, आणि ते तिथं कायमचं राहतंय.

दुसरं, समोरचा तसं का वागतोय ते एकदा विचारा. हे मी मनापासनं सांगतीय कारण माझी इथं मोठी चूक झाली. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये गावभागातलं, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीतलं, एक कुटुंब आलं, २०१९ च्या पुरानंतर. येताना त्यांनी पेट्या, प्लॅस्टिकचे बॅरल, गॅसच्या शेगड्या सगळं जिन्याच्या लँडिंगवर आणि गच्चीत रचून ठेवलं. मी रोज कुरबुर करायचे, दोनदा चांगलंच भांडले, जिना काय गोडाऊन आहे का म्हणून. एकदा पावसाळ्यात रात्री त्या बाई गॅलरीत उभ्या होत्या, मोबाईलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघत. तेव्हा बोलल्या. धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, त्यांच्या घरात माळ्यापर्यंत. लग्नातली भांडी, पोरीच्या वह्या, शिलाई मशीन, सगळं चिखलात. तेव्हापासनं त्यांना सामान खाली ठेवायचा धीरच होत नव्हता. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, जिना मोकळाच पाहिजे कारण आग लागली तर पळायची वाट तीच, पण गच्चीवर टाकीशेजारी त्यांना एक पत्र्याचं कपाट ठेवू द्यायचं. कुणाचं काही बिघडलं नाही.

आता प्रत्येक जण असं ऐकणारा नसतोय हे पण खरं. काही माणसं मुद्दाम करतात. तिथं वही घाला. साधी शंभर पानी, तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, एवढंच, शिव्या लिहू नका त्यात. पुढं कुठंही गेलात तरी "नेहमीच करतात हो" ह्याला किंमत नसते, "१२, १४ आणि १९ तारखेला रात्री साडेअकरा ते एक" ह्याला असते.

मग कुठल्या दारात जायचं. इथं लोक फार फसतात, सगळ्याला पोलीस चौकी नाहीतर सगळ्याला नगरसेवक.

स्पीकर, डीजे, रात्रीचे वाढदिवस असतील तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, सरकारनं सणासुदीला बारापर्यंत सूट दिलेले दिवस सोडून, आणि ते दिवस वर्षात जास्तीत जास्त १५. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा, सकाळी सांगून उपयोग नाही.

शिवीगाळ, दमदाटी असेल तर ठाण्यात जाऊन लेखी द्या आणि एनसी झाली तर तिची प्रत मागून घ्या. एनसी म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत, म्हणून लोक निराश होतात, पण कागदावर नोंद झाली हे महत्त्वाचं. वाद मारामारीकडं चाललाय असं दिसलं तर पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांमार्फत शांतता ठेवायचं बंधपत्र लिहून घेऊ शकतात, जुनी लोक अजून "१०७ लावली" म्हणतात, जुलै २०२४ पासनं नवीन कायद्यात ते कलम १२६ झालंय. फक्त बऱ्याचदा पोलीस दोघांवरही लावतात, तयारी ठेवा.

पार्किंग, गळती, मेंटेनन्स असलं असेल तर आधी बघा तुमची इमारत नोंदणीकृत सहकारी सोसायटी आहे की डीड ऑफ डिक्लरेशन केलेलं अपार्टमेंट. आपल्याकडं बऱ्याच जणांना हेच माहीत नसतंय. सोसायटी असेल तर आधी कमिटीला लेखी अर्ज, पोच घ्यायची, मग निबंधक नाहीतर सहकार न्यायालय. अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट मालकीचा वेगळा कायदा, त्यात तुमच्या डीडमध्ये आणि उपविधीत काय लिहिलंय ते पहिलं वाचायचं. घरासमोरचा सार्वजनिक रस्ता मात्र आपला नसतो, तिथं कुणी गाडी लावली म्हणून कुंड्या-दगड ठेवणं चूकच, पण गेट अडवलं तर ट्रॅफिक पोलिसांना बोलवा.

शेजारचा बंगला पडणार असेल तर जास्त सावध राहा. खोदाई सुरू व्हायच्या आधी आपल्या घराच्या सगळ्या भिंती, कंपाउंड, फरशी ह्यांचे फोटो काढा, शक्य असेल तर फोटोत त्या दिवसाचा पेपर धरा, आणि एखाद्या इंजिनिअरकडनं आहे त्या स्थितीचा साधा रिपोर्ट घ्या. आमच्या ओळखीत एकांच्या भिंतीला खोदाईनंतर बोट जाईल एवढी चीर पडली आणि बिल्डर म्हणाला ती आधीचीच आहे, त्यांच्याकडं दाखवायला एक फोटो नव्हता. मंजूर नकाशा बघायचा असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचं तिकीट, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतंय. झाडाचं तसंच, शेजाऱ्याची फांदी आपल्याकडं आली म्हणून बुंध्याला हात लावू नका, शहरात झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ पासनं कायदा आहे.

आणि कोर्टकेसच्या आधी एकदा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या. दावा दाखल न करताच दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवता येतं, दोघांना बोलवून समोरासमोर बसवतात. बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असू दे, हे माझ्या वयाच्या कितीतरी बायकांना माहीत नाही. जाताना वही, फोटो, अर्जाच्या पोचा सगळं एका फाईलमध्ये, दोन-दोन झेरॉक्स काढून न्या.

ती वरची पोरं परीक्षा संपल्यावर गेली आता. जाताना एक जण खाली येऊन सांगून गेला, काकू, खुर्च्या मालकाच्या आहेत, बुचं काढलेली नाहीत, नवीन येतील त्यांना पण सांगून ठेवा. जूनमध्ये येतील ते. ह्यावेळी मी पहिल्याच आठवड्यात वर जाणार.