43 कार्डं आणि मुंग्या: ब्लॉगिंग कॉन्फरन्सला जाण्याआधी

पहिल्या ब्लॉगिंग कॉन्फरन्सहून घरी आले तेव्हा पिशवीत 43 व्हिजिटिंग कार्डं होती. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर मांडली, तर एकाही कार्डामागचा चेहरा आठवेना. फक्त एका कार्डाच्या पाठीवर माझ्याच अक्षरात एक शब्द खरडलेला होता: 'मुंग्या'. त्यावरून सगळं आठवलं. मी कुंड्यांतल्या झाडांवर ब्लॉग लिहिते. एक बाई मला म्हणाल्या होत्या, झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, शोधा. माव्यातून झरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात. मी मेल केली ती फक्त त्यांना. उरलेली 42 कार्डं वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून होती.

त्यानंतर चार कॉन्फरन्स झाल्या. आता मी जाते ती एक प्रश्न घेऊन. 'ब्लॉग वाढवायचाय' हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. माझा गेल्या वेळचा प्रश्न असा होता: सर्चवरून आलेले वाचक एक लेख वाचतात आणि परत फिरकत नाहीत, त्यांना दुसऱ्या लेखापर्यंत कसं न्यायचं? सोबत गेल्या 3 महिन्यांच्या आकडेवारीचे स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवले होते. आकडे समोर असले की माणसं सल्ला देताना हवेत बोलत नाहीत. 'कुठल्या लेखावर जास्त येतात? त्याच्या शेवटी काय दिसतं?' असं विचारायला लागतात.

वेळापत्रक हाती आलं की आयोजकांना एकच विचारायचं: कुठल्या सेशनचं रेकॉर्डिंग होणार आहे? वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवरची कॉन्फरन्स, 2006 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, आणि वर्डकॅम्पमधली बरीचशी भाषणं पुढे वर्डप्रेस डॉट टीव्हीवर फुकट बघायला मिळतात. जे घरी बसून बघता येईल त्यासाठी तिथला तास घालवू नका. वर्कशॉप आणि मधल्या सुट्ट्या मात्र परत मिळत नाहीत. हॉलमध्ये मी कडेच्या खुर्चीवर बसते, म्हणजे सेशन आपल्या कामाचं नसेल तर कुणाच्या पायांवरून न जाता उठता येतं. हॅरिसन ओवेन यांच्या ओपन स्पेस सभांमध्ये, म्हणजे जिथे विषय आलेली माणसंच ठरवतात तिथे, तर हा नियमच आहे: जिथे तुम्ही शिकतही नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या पायांनी उठून दुसरीकडे जा. मला आधी हे उद्धटपणाचं वाटायचं. आता वक्त्यासमोर तासभर फोन चाळत बसणं जास्त उद्धट वाटतं.

ओळख करून देताना 'मी ब्लॉगर आहे' म्हणू नका. तिथे सगळेच असतात. मी म्हणते, 'ज्यांच्याकडे ऊन कमी आणि झाडांची हौस जास्त, त्यांच्यासाठी लिहिते.' समोरच्याला लगेच काहीतरी विचारता येतं. निदान स्वतःचं मेलेलं तुळशीचं रोप तरी आठवतं.

घोळक्यात शिरायची भीती मला अजून वाटते. एरिक होल्शर यांचा 'पॅक-मॅन नियम' ज्या कॉन्फरन्समध्ये पाळतात तिथे सोपं जातं: घोळक्यात उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी सोडायची, पॅक-मॅन या व्हिडिओ गेममधल्या गोल पिवळ्या पात्राच्या उघड्या तोंडासारखी. पाळत नसतील तर आपण सुरू करावा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे स्वयंसेवक व्हा. दुसऱ्या वर्षी मी नोंदणीच्या टेबलावर बसले, तर माणसंच माझ्याकडे येत होती आणि पहिलं वाक्य आयतं होतं: 'नाव काय?'

आता सगळ्यात कामाची गोष्ट. कुणाला तरी आपला ब्लॉग त्याच्या स्वतःच्या फोनवर उघडायला सांगा आणि गप्प बसा. मी एका मुलाला सांगितलं. त्याने लेख उघडला, दोन ओळी वाचल्या, तेवढ्यात माझी न्यूजलेटरची पाटी वर आली. ती बंद करायची फुली स्क्रीनच्या कडेला अर्धी कापली गेली होती. त्याचा अंगठा तिच्यावर एकदा, दोनदा, तीनदा आपटला. मग त्याने बॅक दाबलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, 'छान आहे.' मी ब्लॉग कायम लॅपटॉपवर बघायचे. ती पाटी तिथे शहाण्यासारखी वागायची. वाचक परत का फिरकत नाहीत याचं अर्धं उत्तर त्या अंगठ्याने दिलं. कुठल्याही भाषणात ते मिळालं नसतं.

नोंदी वहीत, दोन पानांवर. डावीकडे वक्ता काय म्हणाला, उजवीकडे मी माझ्या ब्लॉगवर काय करणार. उजवं पान कोरं राहिलं तर ते सेशन करमणूक होती. तसं समजायला हरकत नाही. पहिल्या वर्षी मी बसल्या जागी लाइव्ह पोस्ट टाकत होते, त्यामुळे ऐकलं काहीच नाही. सुट्टीत कानावर पडलेलं लगेच ब्लॉगवर टाकू नका, विचारून टाका. फोटोचंही तेच. चॅटम हाउस नियम बरा पडतो: माहिती वापरा, पण ती कोणी दिली हे सांगू नका. प्रायोजकांच्या स्टॉलवर जायचं तर वेगळा मेल पत्ता द्या, एवढंच.

कार्डं किती घ्यायची? मी पाचांवर थांबते. त्यातही आपल्याच विषयावर लिहिणारे सगळे नकोत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली मांडलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी साधारण सहात एकालाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. म्हणून एखादा सायकल दुरुस्तीवर लिहिणारा, एखादी हिशेबावर लिहिणारी गाठा.

कार्डाच्या पाठीवर त्याच संध्याकाळी एक शब्द लिहा आणि तीन दिवसांत मेल करा. 'भेटून आनंद झाला, संपर्कात राहू' ही मेल पाठवली काय, न पाठवली काय, सारखंच. मी मुंग्यावाल्या बाईंना लिहिलं होतं: 'तुम्ही सांगितल्यावर माझ्या जास्वंदीचे शेंडे उलटून पाहिले. मावा होता. फोटो जोडलाय. यावर लिहिताना तुमचं नाव दिलं तर चालेल का?' उत्तर तासाभरात आलं.

आता आम्ही दोघी महिन्यातून एकदा एकमेकींचा मसुदा वाचतो. या लेखाच्या सुरुवातीला ब्लॉगिंगच्या इतिहासावर दोन परिच्छेद होते. त्यांनी त्यावर उभी रेघ मारून शेजारी लिहिलं, 'मुंग्यांपासून सुरू कर.'