भिंतीवरची बुरशी पुन्हा पुन्हा येतेय? या चुका टाळा

बुरशी पुसली, वरून रंग दिला आणि महिन्याभरात त्याच जागी काळे ठिपके उमटले, तर ओल अजून तिथेच आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते काही थांबवता येत नाहीत. तोडायचं असतं ते त्यांचं पाणी.

ओल कुठून येते हे न बघता पुसायला घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भिंतीचा पृष्ठभाग कोरडा करा आणि 30 सेंटीमीटर लांबरुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा. 24 ते 48 तासांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय: गळका पाइप, बाहेरची भेग किंवा जमिनीतून चढणारी ओल. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय. पहिल्यात गळती शोधावी लागते, दुसऱ्यात हवा खेळती करावी लागते.

पांढरी भुकटी दिसली तर आधी त्यावर पाणी शिंपडा. विरघळली तर ते क्षार, म्हणजे लोणा. बुरशी विरघळत नाही. पण लोणाही ओलीचीच खूण आहे, सोडून देऊ नका.

कोरडं घासणं

कोरड्या ब्रशने बीजाणू खोलीभर उडतात. एन-95 मास्क, हातमोजे आणि चष्मा घाला, डाग आधी ओला करा, डिटर्जंटच्या पाण्याने घासा आणि जागा पूर्ण सुकवा. डाग साधारण एक चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवा.

ब्लीचवर भरवसा

टाइलवर ठीक. गिलावा, लाकूड, जिप्सम यांत मात्र ते खोल पोचत नाही. डागाचा वरचा रंग उडतो, आतली बुरशी राहते. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

ओल्यावर रंग

पोपडे धरून सुटतोच. बुरशीरोधक रंगसुद्धा.

दमट हवेत खिडक्या उघड्या ठेवणं

बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असेल तर ओल वाढते. हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र ठेवा, आर्द्रता 60 टक्क्यांखाली हवी, 30 ते 50 उत्तम. अंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा 20-30 मिनिटं चालू ठेवा, मात्र त्याची हवा थेट बाहेर जाते ना, हे तपासा. फॉल्स सीलिंगमध्ये सोडली तर बुरशी तिथे वाढते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पाच-सात सेंटीमीटर पुढे ओढा. भिजलेली गादी, गालिचा 48 तासांत सुकला नाही, तर तो टाकूनच द्या.