एका नटाची अख्खी कारकीर्द कशी बघायची (मी प्रभावळकरांची बघितली तशी)

दशावतार सिनेमा बघून बाहेर पडताना भाच्याने विचारलं, मामा हे आजोबा आधी कशात होते? मी म्हटलं अरे हाच झपाटलेलामधला तात्या विंचू. त्याला पटेचना. मग म्हटलं मुन्नाभाईतले गांधीजी पण हेच, तर म्हणे काहीही फेकू नकोस. तेव्हा लक्षात आलं की आपण दिलीप प्रभावळकर दिलीप प्रभावळकर करतो खरं, पण एका नटाची पन्नासेक वर्षं सलग अशी आपण तरी कुठे बघितलीयेत, तुकडे बघितलेत फक्त. मग दोनेक महिने रोज तासभर बसलो. त्यात काय चुकलं आणि काय जमलं ते लिहितो, तुम्ही दुसरा कुठलाही जुना नट किंवा नटी घेतलीत तरी पद्धत हीच चालेल.

पहिलं काम म्हणजे यादी, आणि यादी करताना नेटवरून उचलून चिकटवायची नाही. मी तेच केलं आणि फसलो. यादीत एक हिंदी सिनेमा दिसला, खिलोना बना खलनायक, मी खुश की अरे वा हा आपल्याला माहीतच नव्हता, शोधून लावला तर समोर आपला झपाटलेलाच, हिंदीत डब केलेला. एकच काम दोनदा मोजलं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कुणी व्ही ने लिहितं कुणी डब्ल्यू ने, त्यामुळे सर्च दोन्ही प्रकारे मारायचा. मालिकेपुढे सुरू झाली ते आणि संपली ते अशी दोन्ही वर्षं लिहायची, नाहीतर चार वर्षांचं काम यादीत एका ओळीचं दिसतं आणि दोन मिनिटांचा पाहुणा रोल पण एका ओळीचा. भूमिकेचं नाव शक्यतो सिनेमाची टायटल्स बघून लिहायचं.

आता महत्त्वाचं, यादीत वर्ष, माध्यम, नाव, भूमिका हे सगळे करतात, तुम्ही अजून एक रकाना घाला, नटाचं तेव्हाचं वय. प्रभावळकरांचा जन्म 4 ऑगस्ट 1944 चा. म्हणजे चौकट राजा (1991) आला तेव्हा सत्तेचाळिशीच्या आसपास, झपाटलेला (1993) अठ्ठेचाळीस एकोणपन्नास, श्रीयुत गंगाधर टिपरे सुरू झालं 2001 ला तेव्हा 57 च्या आत बाहेर, लगे रहो मुन्नाभाई (2006) ला 62, नारबाची वाडी (2013) ला 69 आणि दशावतार सप्टेंबर 2025 ला आला तेव्हा 81. हा रकाना आत्ता कंटाळवाणा वाटेल पण पुढे सगळी मजा यातच आहे.

दुसरं, सुरुवातीपासून सुरुवात करायची नाही. ऐकायला उलटं वाटतं पण जुन्या टीव्हीवाल्या नटांचं सुरुवातीचं काम हेच सगळ्यात कमी मिळतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 1972 ला, सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे तिथे चि. वि. जोशींच्या गोष्टींवरून चिमणराव गुंड्याभाऊ आलं, प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, आणि तेव्हाची माणसं अजून त्यांना चिमणराव म्हणूनच हाक मारतात. पण त्या काळी व्हिडिओ टेप महाग, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरं काहीतरी. हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही, बीबीसीने पण आपल्या कितीतरी मालिका अशाच पुसल्यात. तेव्हा जे तुकडे सापडतील ते घ्यायचे पण त्यांच्यासाठी अडून बसायचं नाही. आणि ते तुकडे बघताना आजच्या सिनेमाशी तुलना करायची नाही. स्टुडिओत दोन तीन कॅमेरे लावून लांबलचक सीन सलग करायचे, बहुतेक नट नाटकातून आलेले, त्यामुळे आवाज जरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवल्यासारखा लागतो. तो नटाचा दोष नाही, खोली तशी होती.

मी सुरुवात केली टिपरे या मालिकेपासून, त्यात प्रभावळकर म्हणजे घरातले आजोबा, आबा. कारण एकतर भाग भरपूर आहेत आणि दुसरं म्हणजे मालिकेत नट वाईट दिवशी पण दिसतो. सिनेमात दहा टेकमधला बरा निवडतात, मालिकेत तेवढा वेळ कोणाकडे असतो. दहा बारा भाग लावा आणि एक नियम पाळा, आबा बोलत असताना आबांकडे बघू नका, घरातले शेखर किंवा श्यामल किंवा शिऱ्या बोलतोय तेव्हा आबांकडे बघा. हे जमायला दोन भाग जातात कारण डोळा आपोआप बोलणाऱ्याकडे पळतो. पण एकदा जमलं की कळतं हा माणूस ऐकतो. खरंच ऐकतो, म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत उभा नसतो. आणि हे पण लक्षात ठेवा की मालिका त्यांच्याच अनुदिनी या पुस्तकावरून आलीय, डायरीच्या रूपातलं लिखाण, म्हणजे आबा आधी त्यांनी कागदावर जगून झालेला. लेखक असलेला नट दुसऱ्याच्या वाक्यालाही जागा देतो असं माझं आपलं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

तिसरी गोष्ट, जोड्या लावून बघा. ही युक्ती मला उशिरा सुचली आणि सगळ्यात जास्त कामाची ठरली. एकाच काळातली दोन उलटी कामं घ्यायची आणि एकाच संध्याकाळी बघायची. टिपरे चालू असतानाच 2002 ला एनकाउंटर द किलिंग आला, त्यात नसीरुद्दीन शाह आणि गुन्हेगारी जगातला पुनाप्पा म्हणजे प्रभावळकर. घराघरात आबा म्हणून बसलेला माणूस आणि हा पुनाप्पा, चेहरा तोच, त्याच वर्षांतला, मेकअपवर बिल फाडता येत नाही. मी टिपरेचा एक भाग आणि लगेच पुनाप्पाचे सीन असं लावलं आणि खरं सांगतो जरा कसंतरीच झालं. 2013 ची जोडी पण अशीच, झपाटलेला 2 आणि नारबाची वाडी. एकीकडे मरायला तयार नसलेला गुंड बाहुल्यात शिरलेला, दुसरीकडे मरायला तयार नसलेला म्हातारा, ज्याच्या वाडीवर खोत डोळा ठेवून बसलाय. लिहिताना आत्ता लक्षात आलं की दोन्हीत माणूस मरत नाही हाच प्रॉब्लेम आहे :)

पण माझी सगळ्यात आवडती जोडी नाटक आणि सिनेमाची. जयवंत दळवींच्या नातीगोतीमध्ये ते मतिमंद मुलाचे वडील होते, अतुल परचुरे मुलगा. आणि त्यानंतर चौकट राजामध्ये ते स्वतः नंदू, लहानपणीच्या अपघातामुळे मन पोराचंच राहिलेला मोठा माणूस. म्हणजे आधी अशा मुलाकडे रोज रात्री बापाच्या डोळ्यांनी बघितलं आणि मग पलीकडे जाऊन बसले. याचा नंदूवर काय परिणाम झाला हे मी सिद्ध करू शकत नाही, पण नंदू बघताना एक करा, त्याची आई झालेल्या सुलभा देशपांडेंबरोबरचे सीन वेगळे काढून बघा. नंदू प्रेक्षकाची दया मागत नाही, तो त्याच्या कामात असतो. अशा रोलमध्ये भले भले नट हात वाकडे करून अवॉर्डकडे बघत असतात.

नाटकाचं मात्र वाईट वाटतं. नाटक हे रेकॉर्डिंगमध्ये अर्धंच येतं, तेही असेल तर. संहिता मिळाली तर आधी वाचा आणि मनात स्वतः एक सीन बसवून मगच व्हिडिओ बघा, तुम्ही जिथे विनोद ठेवला असता तिथे त्यांनी ठेवलाय का ते कळतं. एका खेळियाने हे त्यांचं पुस्तक आहे, त्यात ते स्वतःच्या भूमिकांबद्दल लिहितात, पण ते सिनेमे बघून झाल्यावर वाचा, आधी वाचलंत तर तुम्हाला तेच दिसेल जे त्यांनी सांगितलंय.

आता आवाज आणि शरीर वेगळं करून बघायचा प्रयोग. झपाटलेलामध्ये तात्या विंचू बाहुल्यात शिरला की नटाचं शरीर गेलं, समोर बोलक्या बाहुल्यांवाल्या रामदास पाध्यांचा बाहुला, प्रभावळकरांकडे उरला फक्त आवाज. तेव्हा डोळे मिटून ऐका. लहानपणी भीती बाहुल्याची वाटायची असं वाटत होतं, नाही, आवाजाची वाटायची. गांधीजींचं बरोबर उलटं, तिथे आवाज म्यूट करा आणि फक्त बघा. ज्या माणसाचा चेहरा नोटेवर आहे त्याची नक्कल करणं फार सोपं आणि फार धोक्याचं, काठी चष्मा पंचा झाला की काम झालं असं वाटतं. इथे ते भाषण देत नाहीत, मुन्नाशी गप्पा मारतात, त्याच्याशेजारी असतात. म्यूटवर बघताना मला ते पुतळ्यासारखे एकदाही दिसले नाहीत. त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळालं ते मुन्नाभाई आणि शेवरी दोन्हींसाठी मिळून, पण शेवरीचं नाव कोणी घेत नाही, तुम्ही यादीत तो आवर्जून घाला. कुठल्याही जुन्या नटाच्या बाबतीत असा एक शेवरी असतोच, गाजलेल्याच्या सावलीत गेलेला.

आणि आता तो वयाचा रकाना काढा. यादी वरून खाली वाचताना मला एकदम दिसलं की हा माणूस म्हातारा व्हायच्या कितीतरी आधीपासून म्हातारे करतोय. हसवा फसवी हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलेलं, त्यात सहा भूमिका, त्यातले कृष्णराव हेरंबकर म्हणजे थकलेले संगीत नट, आणि हे करताना प्रभावळकर चाळिशीतले. टिपरेचे आबा सत्तावन्नच्या आसपास. म्हणजे तेव्हा म्हातारपण बाहेरून आणायला लागायचं, पाठीत, गुडघ्यात, आवाजाच्या कापण्यात. नारबाला ते साठीच्या शेवटाला पोचलेले, तिथे बरंच आपोआप आलेलं असणार, आणलेलं किती आणि आलेलं किती ते शोधत बसा, मला दोन संध्याकाळी लागल्या तरी खात्री नाही. आणि दशावतारमध्ये तर हिशोबच उलटा, 81 व्या वर्षी बाबुली मेस्त्री, आयुष्यभर दशावतार (कोकणातलं लोकनाट्य) केलेला कलावंत, म्हणजे आता आणायचीय ती ताकद, तो रंगमंचावरचा जोर.

म्हणून शेवटचं काम हे करा. दशावतारमधला एखादा असा सीन निवडा जिथे बाबुली तोंडाला रंग लावून उभा आहे, तो बघा, पॉज करा, आणि लगेच हसवा फसवीतले कृष्णराव लावा. दोघेही थकलेले नट, एक चाळिशीतल्या माणसाने केलेला, एक ऐंशीच्या पुढच्याने. फक्त बसण्याकडे बघा, उठताना हात कुठे टेकतो तिकडे बघा. भाच्याला मी हेच दाखवलं. तो काही बोलला नाही, रिमोट घेतला आणि कृष्णराव परत पहिल्यापासून लावले.