गिअर कर्र वाजला की आधी क्लचकडे बघा

गिअरबॉक्स उघडणं हे माझं पोटापाण्याचं काम. तरी कुणी स्पोर्ट्स कार घेऊन आला आणि ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणाला, की मी पाना बाजूला ठेवते आणि आधी प्रश्न विचारते. कर्र कधी होतं? गाडी गार असताना की तापल्यावर? एकाच गिअरला की सगळ्यांना? वरचा गिअर टाकताना की खाली येताना? उत्तरं नीट मिळाली तर निम्मं निदान तिथेच होतं. बऱ्याच गाड्यांत दोष क्लचचा किंवा तेलाचा असतो आणि खापर मात्र गिअरबॉक्सवर फुटतं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून करा. क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा. उभ्या गाडीत दातासमोर दात आला की असं होतं, तो बिघाड नव्हे. पण इंजिन बंद असतानाही लिव्हर जड, ढिला किंवा अडखळत चालत असेल तर बुश, केबल किंवा लिंकेज बघायचं. हे काम बहुतेक वेळा वरच्या वर होतं.

दुसरी तपासणी महत्त्वाची. मोकळी सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलवर. क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग सावकाश रिव्हर्स टाका. अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर बसण्याआधी वेग जुळवणारी रिंग, नसतो, त्यामुळे आतला इनपुट शाफ्ट (इंजिनाची फिरकी क्लचमधून गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) थांबलेला असेल तरच तो गुपचूप बसतो. घाईत टाकला आणि वाजला तर त्याचं काही नाही. थांबूनही वाजत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. इंजिन शाफ्टला थोडं थोडं फिरवत राहतं आणि बिचारी सिंक्रो रिंग प्रत्येक गिअरला इंजिनाशी झगडते. अशी गाडी चालवत राहिलात तर काही दिवसांनी गिअरबॉक्स खरंच जाईल.

क्लच का सुटत नाही? आधी पेडलखाली बघा. जाड मॅट सरकून पेडलच्या आड आलेली असते आणि मालक गिअरबॉक्स खोलायची बोलणी करत असतो. हसू नका, हे होतं. सीट इतकी पुढे घ्या की पाय शेवटपर्यंत गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील.

मग हायड्रॉलिक, म्हणजे पेडलचा दाब फ्लुइडमधून क्लचपर्यंत नेणारी लाइन. पेडल भराभर दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर सहज पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलेंडरचं सील गेलंय. क्लचकडच्या टोकाला असलेल्या स्लेव्ह सिलेंडरचं रबरी बूट थोडं मागे सारून बघा. आत ओल दिसली की दोषी सापडला. फ्लुइड किती जुनं आहे तेही विचारात घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या फ्लुइडला ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस उत्कलनबिंदू असावा लागतो, पाणी मुरल्यावरच्या चाचणीत मात्र १५५ अंश पुरतात. स्पोर्ट्स कारमध्ये ही लाइन एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर तापल्यावर वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं आणि गिअर वाजू लागतो. गार असताना छान आणि तापल्यावर खराब, अशी तक्रार असेल तर मी आधी फ्लुइड बदलून हवा काढते.

उलट तक्रार, म्हणजे गार असताना जड आणि थोडं चालल्यावर मऊ, बहुतेक तेलाची असते. इथे एक गैरसमज मला वारंवार भेटतो: आकडा मोठा म्हणजे तेल भारी. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-५ हे मुळात डिफरन्शियलच्या (चाकांना फिरकी वाटून देणाऱ्या भागाच्या) हायपॉइड गिअरसाठी, प्रचंड दाब सोसायला बनवलेलं. सिंक्रोची गरज वेगळी आहे. पितळी रिंग गिअरच्या शंकूवर घासते आणि त्या घर्षणानेच दोघांचा वेग जुळतो. तेल फार निसरडं असलं की रिंग नुसती घसरते, वेग जुळायला वेळ लागतो आणि तुमचा हात तेवढा थांबत नाही. शिवाय जीएल-५ मधली काही गंधकयुक्त रसायनं तापल्यावर पितळ खातात. म्हणून जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे जीएल-४ च. पण हा नियम डोळे मिटून लावू नका. काही गाड्यांत डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स एकाच तेलात चालतात, तिथे कंपनीच जीएल-५ सांगू शकते. बऱ्याच होंडांना त्यांचं पातळ एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, जाड गिअर ऑइल नव्हे. गाडीचं पुस्तक उघडा, दुकानदाराचं ऐकू नका.

तेल बदलताना गाडी चारही बाजूंनी समपातळीत हवी आणि तेल कोमट. भरायचा बोल्ट आधी सोडवा, काढायचा नंतर. वरचा गंजून बसला असेल आणि खालून सगळं तेल सांडून मोकळे झालात, तर गाडी तिथेच. निघालेलं तेल उजेडात धरा. काढायच्या बोल्टच्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा बारीक लगदा असतोच. लोखंडाचे तुकडे नसावेत. पितळ मॅग्नेटला चिकटत नाही, ते तेलात सोनेरी चमकतं. चमक भरपूर असेल तर सिंक्रो रिंग झिजल्या आहेत.

आता तुमचा हात. दुसरा गिअर सगळ्यात आधी का कुरकुरतो, ते आकड्यांत बघा. १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ च्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याचं गुणोत्तर ३.१३६, दुसऱ्याचं १.८८८, तिसऱ्याचं १.३३० आणि चौथ्याचं १.०००. पहिल्यात ६००० आरपीएमला क्लच दाबून दुसरा टाकलात तर रिंगला शाफ्ट सुमारे ३६०० वर आणावा लागतो. तिसऱ्यातून चौथ्यात तोच ६००० फक्त ४५०० वर यायचा असतो. म्हणजे दुसऱ्याच्या रिंगला २४०० चं काम, चौथ्याच्या रिंगला १५०० चं. म्हणून पहिला-दुसरा करताना लिव्हर ओढू नका. गिअरच्या तोंडाशी नेऊन हलका दाब देत क्षणभर धरा. वेग जुळला की तो आपण होऊन आत जातो. मूठ आवळून धरणाऱ्याला हा क्षण कळतच नाही, बोटांनी धरा. आणि इतर वेळी लिव्हरवर हात ठेवून बसू नका, आतला फोर्क, म्हणजे लिव्हरने हलणारा काटा, गिअर जोडणाऱ्या स्लीव्हवर घासत राहतो.

खाली येताना रेव्ह-मॅचिंग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर देऊन इंजिनाचा वेग खालच्या गिअरला जुळवणं, करणारे पुष्कळ. टाच-पंजा करून (एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून) झकास आवाज काढतात आणि तरी दुसरा वाजतो म्हणून तक्रार घेऊन येतात. क्लच दाबलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर दिलात तर फक्त इंजिन फिरतं. शाफ्ट इंजिनापासून सुटलेला असतो, त्याला काही कळत नाही. त्याने क्लच सोडताना झटका बसत नाही, एवढंच. सिंक्रोला मदत हवी तर डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटर द्या, पुन्हा दाबा, गिअर टाका. याच माझ्दात तिसऱ्यात ३००० वर असताना दुसऱ्याला साधारण ४२५० लागतात. तेवढा आवाज कानात बसवा.

डबल क्लच ही निदानाचीही युक्ती आहे. क्लच ठीक, तेल बरोबर, तरी एकच गिअर गार-गरम दोन्हीत वाजतो आणि डबल क्लच केल्यावर गप्प बसतो? त्या गिअरची रिंग संपली. गिअर पडतो पण वेग घेताना किंवा सोडताना उडून बाहेर येतो? आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग हलवून बघा, ती शाबूत असतील तर दातांच्या कडा किंवा फोर्क झिजलाय. शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी हलवावा लागणारा बदली लिव्हर, यातलं काहीच बरं करत नाही. हात कमी हलतो, पण जोर जास्त लागतो आणि तो सगळा रिंगवर जातो. झिजलेल्या बॉक्सवर तो बसवणं मला पटत नाही.

बॉक्स उतरवायची वेळ आलीच तर कारागिराला रिंग आणि गिअरमधली फट फीलर गेजने मोजायला सांगा आणि स्लीव्हच्या दातांची टोकं स्वतः बघा. ती बोथट असतील तर नुसती नवी रिंग टाकून पैसे वाया जातील. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्या. पायलट बेअरिंग जाम झालं तर क्लच पूर्ण सुटूनही शाफ्ट फिरत राहतो, आणि ते एकटं बदलायलाही अख्खा बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.