प्रशिक्षण झालं, कॅमेरा आला. आता या चुका टाळा

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रासारख्या (एमसीईडी) संस्थेत उद्योजकता प्रशिक्षण घेऊन फोटो-व्हिडिओ स्टुडिओ काढणाऱ्यांची पहिली गडबड कर्जासाठीच्या प्रकल्प अहवालातच होते. कॅमेऱ्याची बॉडी, लेन्स, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारं उपकरण), ड्रोन सगळं यंत्रसामग्रीच्या रकान्यात बसवतात आणि खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या खर्चाचा पैसा, उरतं नावापुरतं. लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतात तुळशीच्या लग्नानंतर. चातुर्मास जवळजवळ कोरडा जातो. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने चालूच. त्यामुळे क्वचित लागणारी महागडी लेन्स भाड्याने आणा आणि चातुर्मासातल्या चार हप्त्यांची तरतूद अहवालातच करा.

खरं नुकसान होतं ते दर ठरवताना. कच्चा माल, मजुरी, घसारा (वापराने यंत्राची घटणारी किंमत) कसा मांडायचा हे वर्गात शिकवलेलं असतं, पण इथे कच्चा माल म्हणजे स्वतःचा वेळ, तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो हिशेबच कुणी करत नाही. शेजारच्या स्टुडिओचा दर विचारायचा आणि दोन हजार कमी सांगायचे! समजा, दोन दिवसांचं लग्न ४०,००० रुपयांना घेतलं. सहाय्यक, प्रवास, अल्बम, हार्ड डिस्क, घसारा मिळून २२,००० गेले. उरलेल्या १८,००० मध्ये शूटिंगचे २० तास आणि फोटो निवडणं, एडिटिंग, कलर करेक्शन, ग्राहकाने सांगितलेल्या दुरुस्त्या यांचे ७० तास. म्हणजे तासाला २०० रुपये. एडिटिंगच्या तासांची नोंद ठेवल्याशिवाय हा आकडा दिसत नाही. दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे, हे कोटेशनवर लिहाच. तोंडी ठरलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

कंपन्यांची कामं करणार असाल तर आधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल कराराने ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास व्याज मागता येतं. पैसे थकले तर केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करा.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहक असतो. ते फोटो इन्स्टाग्रामवर किंवा पोर्टफोलिओत टाकायचे असतील तर परवानगीचं वाक्य बुकिंगच्या फॉर्मवरच छापून घ्या आणि ॲडव्हान्स घेताना त्याखाली सही घ्या.