कमी ऐकू येतं आणि मेटल डिटेक्टर घेताय? या चुका टाळा

यंत्रमागाच्या खडखडाटात उभं आयुष्य काढलेले कान सोलापुरात कमी नाहीत. अशा कानांचे आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. आता गंमत बघा: बहुतेक डिटेक्टर लोखंडाला खालचा सूर देतात आणि चांदी-तांब्याला वरचा. म्हणजे खिळा ऐकू येतो, जोडवं निसटतं.

मग लोक आवाज वाढवतात. त्यानं काही साधत नाही, उरल्यासुरल्या कानाला त्रास तेवढा होतो. मधल्या किमतीच्या बऱ्याच मशीनमध्ये सूर बदलता येतो. चांदीचा सूर तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल इतका खाली आणा, लोखंडाचा त्याच्याही खाली. अंगणात खिळा, जोडवं आणि नाणी ठेवून आधी सवय करा. लोखंड सरसकट बंद करू नका. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असतात, तीही गाळली जाऊ शकतात.

अजिबात ऐकू येत नसेल तर व्हायब्रेशनचं मशीन घ्या. नोक्टा सिम्प्लेक्स किंवा मायनलॅब इक्विनॉक्स ९०० ही त्यातली. पण नुसत्या थरथरीवर विसंबून खणायला बसलात तर दिवसभर गंजके तुकडेच गोळा कराल. थरथर फक्त 'इथं काहीतरी आहे' एवढंच सांगते. काय आहे ते धातूनुसार बदलणाऱ्या स्क्रीनवरच्या आकड्यावरून ठरवायचं. थांबा, नव्वद अंशात वळून त्याच जागेवरून कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) पुन्हा फिरवा. आकडा जागचा हलला नाही तर खणा. तो उड्या मारत असेल तर बहुधा लोखंड, नाहीतर जमीनच. जाड हातमोजे मात्र घालू नका, थरथर त्यातच मुरते.

आपल्याकडच्या काळ्या रानात आणखी एक भानगड आहे. ज्वारी काढल्यावर धसकटं उभी असतात. त्यांना कॉइल धडकली की खोटा सिग्नल येतो. ऐकू येणारा माणूस ती कुरकुर ओळखून पुढं जातो, हाताला मात्र ती खऱ्या सिग्नलसारखीच लागते. म्हणून कॉइल धसकटांच्या किंचित वर धरून सावकाश फिरवा. ग्राउंड बॅलन्स (मशीन तिथल्या मातीशी जुळवून घेणं) त्याच रानात करा, घरून करून येऊ नका. तरी थरथर थांबत नसेल तर सेन्सिटिव्हिटी एक-दोन पायऱ्या उतरवा.

श्रवणयंत्र 'टी'वर (माइकऐवजी चुंबकीय लहरी पकडणाऱ्या टेलिकॉइलवर) ठेवलं तर डिटेक्टरजवळ गुणगुण येऊ शकते. साधा ब्लूटूथ हेडफोन आवाज उशिरा पोचवतो; कॉइल सेकंदाला एक मीटर फिरत असेल आणि आवाज ०.२ सेकंद मागे असेल, तर खड्डा २० सेंटीमीटर बाजूला पडतो. हाडातून ऐकवणारे हेडफोन बाहेरच्या किंवा मधल्या कानात दोष असेल तर कामाचे, आतली नसच कमजोर असेल तर फारसे नाहीत. पिनपॉइंटरही (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा शोधणारं हातातलं छोटं यंत्र) थरथरणाराच घ्या.

भुईकोट किल्ल्याच्या परिसरात मशीन काढूच नका, ते संरक्षित स्मारक आहे. शेतातही मालकाला विचारूनच शिरा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

आणि एकटे जाऊ नका. डोळे स्क्रीनवर असताना मागून येणारा ट्रॅक्टर ना दिसतो ना ऐकू येतो. सोबत्याला आधीच सांगून ठेवा: हाका मारू नकोस, समोर येऊन हात वर कर.